एका गावचे दोन कापडवाले

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा 'सोसायटीच्या जुन्या आठवणी लिहा' असं सुचवलं होतं. पहिल्या उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, बंद पडणारी लिफ्ट, पहिला गणपती या आठवणी इतरांनी लिहिल्याच असतील. मी जरा लांबून सुरुवात करणार आहे. आपल्या सोसायटीच्या नावात 'सहकारी' हा शब्द आहे. पंचवीस वर्षं आपण तो मेंटेनन्सच्या पावतीवर, लेटरहेडवर आणि गेटवरच्या पाटीवर वाचतो आहोत. हा शब्द ज्या माणसाच्या नावाशी जोडला जातो, त्याचं गाव बघण्याचा योग मला आला. त्या गावाची आणि तिथल्या दोन माणसांची ही हकीकत आहे.

मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिच्याकडे गेलो असताना एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा वेल्सकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. श्रूजबरी सोडलं की डोंगर दिसू लागतात, मेंढ्यांची कुरणं लागतात आणि थोड्या वेळाने न्यूटाउन येतं. न्यूटाउन म्हणजे सरळ 'नवं गाव'. वेल्श भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थही तोच. आपण नवी मुंबईकर असल्यामुळे मला गंमत वाटली, कारण या नव्या गावाला बाजार भरवायची सनद मिळाली ती 1279 साली, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्याकडून. साडेसातशे वर्षं होत आली तरी गाव अजून 'नवं'च आहे! सेव्हर्न नदीच्या वळणावर वसलेल्या या गावाची वस्ती जेमतेम अकरा हजार.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गाव फ्लॅनेलसाठी, म्हणजे मऊ लोकरी कापडासाठी, प्रसिद्ध होतं. विणकरांच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायची आणि वरच्या मजल्यांवर हातमाग असायचे. मागावर उजेड यावा म्हणून वरती खिडक्यांच्या लांबच लांब रांगा. अशाच एका इमारतीत आता कापड उद्योगाचं संग्रहालय आहे. पुढे वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेलसारख्या गावांनी फ्लॅनेलचा बाजार खेचून घेतला आणि न्यूटाउनचे माग हळूहळू थांबले. रॉचडेल हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

या गावाने जगाला दोन माणसं दिली. दोघांचीही सुरुवात कापडाच्या दुकानात उमेदवारी करण्यापासून झाली. पण दोघांनी माणसांना एकत्र जोडण्याच्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा शोधल्या.

पहिला रॉबर्ट ओवेन. जन्म 14 मे 1771. वडील जीनगर, म्हणजे घोड्यांची खोगिरं बनवणारे. लोखंडी सामानही विकायचे आणि गावचं पोस्टही सांभाळायचे. मुलगा इतका हुशार की सातव्या वर्षीच शाळेत मास्तरांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवू लागला. दहाव्या वर्षी त्याने गाव सोडलं. लंडनमध्ये भावाकडे थोडे दिवस राहून तो स्टॅमफर्ड नावाच्या गावी एका कापडवाल्याकडे उमेदवार म्हणून लागला. तिथून पुन्हा लंडन, मग मँचेस्टर. विसाव्या वर्षी, पाचशे कामगार असलेल्या सूतगिरणीचा तो मॅनेजर झाला होता. आपल्याकडे त्या वयात मुलं बारावीनंतर काय करावं याचा विचार करत असतात.

1799 साली त्याने भागीदारांसह स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या गिरण्या साठ हजार पौंडांना विकत घेतल्या. त्याच वर्षी गिरण्यांच्या जुन्या मालकाची मुलगी कॅरोलाइन डेल हिच्याशी त्याचं लग्नही झालं. क्लाइड नदीच्या काठी दोन हजारांची वस्ती. त्यात अनाथाश्रमांतून आणि गरीबखान्यांतून आणलेली सुमारे पाचशे मुलं. त्या काळात पाच-सहा वर्षांची मुलं गिरणीत तेरा-तेरा तास उभी राहायची आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

ओवेनला वाटलं. दहा वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. मुलांसाठी शाळा काढली आणि 1816 च्या एक जानेवारीला तिची नवी वास्तू उघडली. तिथे मारझोड नव्हती. वाचन-लेखनाबरोबर गाणं आणि नाच शिकवत. कंपनीचं दुकान त्याने स्वतःच्या देखरेखीखाली आणलं, चांगला माल जवळजवळ खरेदीच्या भावात द्यायला लावला आणि त्यातून जो काही नफा उरे तो शाळेला दिला. अमेरिकेने कापूस पाठवणं बंद केलं, तेव्हा गिरण्या चार महिने बंद होत्या. ओवेनने कामगारांना चारही महिने पूर्ण पगार दिला. तेव्हापासून न्यू लॅनार्कच्या माणसांचा त्याच्यावर विश्वास बसला.

त्याची एक युक्ती मला फार आवडली. शिक्षा करण्याऐवजी त्याने प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लाकडाचा एक छोटा ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंना चार रंग. आदल्या दिवशीचं काम वाईट असेल तर काळी बाजू पुढे, बेताचं असेल तर निळी, चांगलं असेल तर पिवळी आणि उत्तम असेल तर पांढरी. बोलणं नाही, ओरडणं नाही. या ठोकळ्याला 'मुका मॉनिटर' म्हणत. थकबाकीदारांच्या दारावर असा ठोकळा लावावा, असं मी एकदा आपल्या कमिटीत गमतीने सुचवलं होतं. कोणी हसलं नाही.

न्यू लॅनार्क बघायला जगभरातून लोक येऊ लागले. पुढे रशियाचा झार झालेला राजपुत्र निकोलससुद्धा 1816 मध्ये येऊन गेला. आज ते गाव युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पण ओवेनला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. सबंध समाजच अशा गावांमध्ये नव्याने मांडावा, सगळ्यांनी मिळून काम करावं, मिळून राहावं, खाजगी मालकीच नको, असं त्याला वाटू लागलं. 1825 साली त्याने अमेरिकेत इंडियाना राज्यातलं एक अख्खं गाव विकत घेतलं आणि त्याला 'न्यू हार्मनी' असं नाव दिलं. हार्मनी म्हणजे सलोखा.

दोन-अडीच वर्षांत सलोखा संपला. काही महिन्यांतच आठशेच्या वर माणसं जमली होती. पण कोणाला घ्यायचं, कोणी काय काम करायचं आणि हिशेब कसा ठेवायचा याचं काही पक्कं नव्हतं. घटना लिहिली, बदलली, पुन्हा लिहिली. ओवेन स्वतः मधले कित्येक महिने तिथे नव्हता. काम करणारे करत राहिले, न करणारे नुसतं बोलत राहिले, आणि 1827 मध्ये प्रयोग गुंडाळावा लागला. ओवेनची बहुतेक सगळी पुंजी त्यात गेली. पुढे इंग्लंडमध्ये हँपशरच्या क्वीनवुड इथे काढलेली वसाहतही 1845 पर्यंत बंद पडली.

इतका हुशार, इतका चांगला माणूस, आणि तरी असं का व्हावं? मला वाटतं, याचं उत्तर न्यू लॅनार्कच्या यशातच आहे. तिथे सगळं चांगलं होतं, पण सगळं ओवेन ठरवत होता. शाळा त्याची, दुकान त्याचं, ठोकळाही त्याचा. उतारवयात त्याने स्वतःच हे कबूल केलं आहे. ती माणसं सुखी दिसत असली तरी त्याच्या मर्जीवर होती, तो त्यांना कधीही कामावरून काढू शकत होता, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. चांगल्या मालकाच्या हाताखाली राहून माणसं सुखी होतात, पण कारभार करायला शिकत नाहीत. न्यू हार्मनीत मालक बाजूला झाला आणि कारभार येणारं कोणी नव्हतं.

आता रॉचडेल. न्यूटाउनचं फ्लॅनेल ज्यांनी मागे टाकलं, त्या रॉचडेलचे विणकरही सुखात नव्हते. मजुरी घटलेली, दुकानदाराची उधारी चढलेली, आणि पिठात-साखरेत भेसळ. त्यांच्यातले काही जण ओवेनच्या विचारांचे होते. 1844 मध्ये अठ्ठावीस जणांनी मिळून एक संस्था काढली. आठवड्याला दोन-दोन पेन्स बाजूला टाकत प्रत्येकी एक पौंड भागभांडवल जमवलं. म्हणजे एकूण अठ्ठावीस पौंड. 21 डिसेंबरच्या संध्याकाळी, टोड लेन नावाच्या गल्लीत त्यांचं दुकान उघडलं. माल किती? थोडं लोणी, साखर, गव्हाचं पीठ, ओटचं पीठ आणि काही मेणबत्त्या. दुकानाची दारं उघडताना बाहेर जमलेली पोरं हसत होती, असं सांगतात.

हसण्यासारखंच होतं ते. पण ओवेनच्या वसाहतींकडे जे नव्हतं, ते या दुकानाकडे होतं. नियम. माल शुद्ध आणि वजन पुरं. व्यवहार रोखीने, उधारी नाही. भांडवलावर ठरावीक व्याज, आणि उरलेला नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. ठरलेल्या मुदतीत सगळा हिशेब सभासदांपुढे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एका सभासदाला एकच मत, मग भांडवल कितीही असो, पुरुष असो की बाई. 1844 साली इंग्लंडच्या पार्लमेंटसाठी बाईला मत नव्हतं, पण टोड लेनच्या दुकानात होतं.

ओवेनला या किराणा दुकानांचं फारसं कौतुक नव्हतं. त्याला सगळं जग बदलायचं होतं, आणि हे लोक लोणी तोलत बसले होते. पण टिकलं ते लोणी तोलणाऱ्यांचं. 1895 साली लंडनमध्ये जगभरच्या सहकारी संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिने पुढे सहकाराची जी तत्त्वं स्वीकारली, ती याच रॉचडेलच्या नियमांवरून.

ओवेन 1858 मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा होता. लिव्हरपूलला एका परिषदेत भाषण करायला उभा राहिला आणि व्यासपीठावरच त्याची तब्येत बिघडली. दहाव्या वर्षी सोडलेल्या गावी परत जायचं, असं त्याने ठरवलं. न्यूटाउनमध्ये, जन्मघराच्या शेजारच्याच हॉटेलात, 17 नोव्हेंबरला त्याचं निधन झालं. धर्मसंस्थेवर जन्मभर टीका केलेल्या या माणसाला गावाने सेंट मेरीच्या जुन्या चर्चच्या आवारात, आईवडिलांशेजारी जागा दिली. मी ती जागा बघितली. चर्चच्या आता नुसत्या भिंती राहिल्या आहेत, बाजूने सेव्हर्न वाहते. समाधीभोवतीचं नक्षीदार लोखंडी कुंपण 1902 साली सहकारी चळवळीतल्या लोकांनी बसवलं आहे. जन्मघर पाडलं गेलं, त्या जागी बँकेची इमारत उभी राहिली. गावात त्याचा पुतळाही आहे, त्याच्याजवळ एक लहान मूल आहे. 1956 साली तो उभारला.

आता दुसरा माणूस. ओवेन गेला तेव्हा याच गावात चोवीस वर्षांचा एक तरुण कापडाच्या धंद्यात होता. त्याचं नाव प्राइस जोन्स. बाराव्या वर्षापासून दुकानात राबलेला. पुढच्याच वर्षी, 1859 मध्ये, त्याने स्वतःचं दुकान थाटलं. गावातला फ्लॅनेलचा धंदा तेव्हा उताराला लागला होता. पण त्याने दोन गोष्टी हेरल्या. एक, टपाल स्वस्त झालं होतं. दोन, गावात आगगाडी येत होती. गिऱ्हाईक दुकानात येत नसेल तर दुकान गिऱ्हाइकाच्या घरी का जाऊ नये? 1861 पासून तो मालाची माहितीपत्रकं टपालाने पाठवू लागला. लोक पत्राने मागणी कळवत आणि माल गाडीने जाई. घरबसल्या मागवण्याचा हा धंदा जगात सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. ज्या गावात ओवेनचे वडील पोस्टाच्या थैल्या सांभाळायचे, तिथूनच हे व्हावं, हा योगायोग.

त्याच्या गिऱ्हाइकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होती, खुद्द राणी व्हिक्टोरिया होती. 1879 मध्ये त्याने स्टेशनजवळ लाल विटांचं भलंमोठं गोदाम बांधलं. गाडीतून उतरल्यावर सगळ्यांत आधी तेच दिसतं. 1876 मध्ये त्याने उशी जोडलेल्या, अंगाभोवती गुंडाळून घ्यायच्या एका घोंगडीचं पेटंट घेतलं. आज आपली मुलं ट्रेकला जाताना जी स्लीपिंग बॅग नेतात, तिची ही आजी. रशियाच्या सैन्याने त्या हजारोंनी मागवल्या होत्या. प्राइस जोन्स दोनदा पार्लमेंटवर निवडून गेला, 1887 मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. 1920 साली तो वारला.

स्टेशनावर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. समोर प्राइस जोन्सचं गोदाम आणि मागे, गावात, ओवेनची समाधी. तेव्हा एक गोष्ट मनात आली. प्राइस जोन्सने जगाला गिऱ्हाईक होणं सोपं करून दिलं. पैसे पाठवा, माल घ्या, बाकीची काळजी आमची. त्यात वाईट काही नाही. माझ्या घरीही रोज कुरिअरवाला येतो. ओवेनच्या वाटेने जाऊन रॉचडेलच्या लोकांनी जगाला सभासद होणं शिकवलं. सभासदाला मालही घ्यायचा असतो आणि दुकानही चालवायचं असतं. हिशेब वाचायचा असतो, हात वर करून मत द्यायचं असतं, आणि कधीतरी गल्ल्यावर बसायचंही असतं. गिऱ्हाईक तक्रार करू शकतं. सभासदाने तक्रार केली की त्यातली अर्धी तक्रार त्याच्या स्वतःबद्दलच असते.

आपल्या देशात सहकाराचा पहिला कायदा 1904 साली झाला. तो फक्त पतसंस्थांसाठी होता आणि त्यामागे जर्मनीतल्या रायफायझन पतसंस्थांचा नमुना होता. 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी झाली, आणि 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी उभी राहिली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. आज आपण ज्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेले आहोत, त्यातही टोड लेनचा तो नियम आहेच. एक सभासद, एक मत. वन बीएचकेवाल्यालाही एक आणि टेरेस फ्लॅटवाल्यालाही एकच. अठ्ठावीस जणांचा तो नियम इतक्या लांबून आपल्या उपविधींत येऊन बसला आहे.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मी या सोसायटीचा अकरा वर्षं मानद सचिव होतो. अनेकांनी माझं कौतुक केलं, त्याबद्दल आभारी आहे. गळती असो, कन्व्हेयन्सची फाइल असो, वॉचमनचा पगार असो, 'काकांना सांगा' म्हटलं की काम व्हायचं. मला त्यात आनंद होता. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. आय नमुना आणि जे नमुना मी रात्री जागून स्वतः लिहायचो. कोणी मदतीला आलं तर 'राहू द्या, माझं होईल' म्हणायचो, कारण शिकवत बसण्यापेक्षा करून टाकणं सोपं. सर्वसाधारण सभेला कोरम भरत नसे. सभा तहकूब व्हायची, अर्ध्या तासाने तीच पुन्हा सुरू व्हायची, आणि हजर असलेले दहा-बारा जण 'मंजूर, मंजूर' म्हणून चहाला उठायचे. मलाही ते सोयीचं होतं. प्रश्न कमी यायचे.

मग प्रकृतीमुळे मी पद सोडलं, तेव्हा रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. निवडणुकीला कमिटीच्या जागांइतके अर्जही आले नाहीत. आता सगळा कारभार बाहेरच्या एखाद्या एजन्सीकडे सोपवावा, असं बोललं जातं. महिन्याला ठरलेली रक्कम भरा आणि मोकळे व्हा. लोकांना दोष द्यावासा वाटतो, पण देता येत नाही. अकरा वर्षांत मी त्यांना सेवा दिली, कारभार दिला नाही. ओवेनच्या समाधीपुढे उभा असताना मला हेच आठवलं. त्याच्या आणि माझ्या कामाची तुलना होऊच शकत नाही, पण चूक एकाच जातीची होती.

एजन्सी नेमायची की नाही, हे सभेने ठरवावं. हिशेब लिहायला, झाडलोट करायला बाहेरचा माणूस ठेवण्यात गैर काही नाही. पण त्या हिशेबाला प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस आणता येत नाही. ते काम सभासदाचंच.

म्हणून बंधू-भगिनींनो, रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देताना माझी एकच विनंती आहे. येत्या वार्षिक सभेला या. वेळेवर या, आणि येताना ताळेबंद वाचून या. काही कळलं नाही तर तिथे विचारा. प्रश्न साधा असला तरी लाजू नका, टोड लेनच्या विणकरांनाही पहिल्याच दिवशी जमाखर्च येत नव्हता. ज्यांना रजिस्टरं कशी लिहायची ते शिकायचं असेल, त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे या. दोघं-तिघं आले तरी पुष्कळ. चहा माझ्याकडून. या वेळी मात्र 'राहू द्या, माझं होईल' असं मी म्हणणार नाही.

— एक माजी सचिव